हॉर्न दाबला होता

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील ‘आपली सोसायटी, आपले अनुभव’ या कार्यक्रमात बी विंगमधील एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



मला दहा मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी सांगितलंय, की जुन्या आठवणी सांगा. टँकरच्या, पहिल्या गणपतीच्या, लिफ्ट बंद पडायची त्याच्या. त्या आठवणी माझ्या आधीच्या तिघांनी छान सांगितल्या. मी पडलो ऑटो इलेक्ट्रिशियन. उमेदवारी कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात केली, पद्मिनी गाड्यांच्या वायरिंगवर. नंतर तुर्भ्याला स्वतःचं दुकान चालवलं, गुडघे बोलायला लागेपर्यंत. त्यामुळे मी आज एका हॉर्नबद्दल बोलणार आहे. हसू नका. या हॉर्नचं एक देणं माझ्या अंगावर आहे आणि ते मला आज सगळ्यांसमोर फेडायचं आहे.

सी विंगच्या नानांची ती लाल गाडी सगळ्यांना माहीत आहे. दोन सीटची, छत मागे दुमडणारी. मुलं तिला बेडूक म्हणतात. नवीन राहायला आलेल्यांना वाटतं, परदेशी गाडी आहे. तशी नाही. तिचं नाव सान स्टॉर्म. १९९० च्या दशकाच्या शेवटी आपल्याच देशातल्या सान मोटर्सने ती बाजारात आणली. इंजिन रेनॉचं, १.२ लिटरचं. फार थोड्या निघाल्या, त्यामुळे आज एखादी दिसली तर लोक थांबून फोटो काढतात. नानांनी निवृत्तीनंतर सेकंडहँड घेतली. ठाणे-बेलापूर रोडच्या केमिकल कंपनीत सगळं आयुष्य शिफ्ट केल्या, कंपनीच्या बसने गेले आणि बसने आले. म्हणाले, आता जरा उघड्या टपाची हवा खातो. रविवारी पहाटे पाम बीच रोडला एक चक्कर, येताना सगळ्या मजल्यांसाठी जिलेबी. पाचव्या मजल्यावर कोण राहतं हे मला त्या जिलेबीमुळे कळलं.

या गाडीची एक खासियत आहे. तिची बॉडी फायबरची आहे, पत्र्याची नाही. जगात अशा गाड्या आधीपासून आहेत. अमेरिकेत १९५३ साली शेवरोलेने कॉर्व्हेट आणली, इंग्लंडमध्ये १९६२ साली लोटसची एलान आली, दोन्हीची बॉडी फायबरची. फायबर हलकं असतं, गंजत नाही. पण इलेक्ट्रिशियनच्या दृष्टीने त्यात एक मोठी गोम आहे, आणि तिथेच आमची गोष्ट सुरू होते.

मुलांनो, हे नीट ऐका. बॅटरीतून करंट निघतो, दिव्यापर्यंत किंवा हॉर्नपर्यंत जातो, आणि त्याला परत बॅटरीकडे यावं लागतं. जायला रस्ता आहे आणि यायला नाही, तर काहीच चालणार नाही. तुमची स्कूलबस नुसती गेली आणि आलीच नाही, तर दुसऱ्या दिवशी शाळा कशी भरणार? पत्र्याच्या गाडीत परत यायला वेगळी वायर बहुतेक ठिकाणी लागत नाही. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जोडलेली असते. पूर्ण पत्रा म्हणजेच एक मोठी वायर. हॉर्न बॉडीला बोल्टने आवळला की त्याचा परतीचा रस्ता तयार झाला. यालाच आम्ही गॅरेजवाले ‘अर्थ’ म्हणतो. हा घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटमधला अर्थ नव्हे. तो जमिनीत जातो आणि आपल्याला शॉकपासून वाचवतो. गाडीचा अर्थ म्हणजे परतीची वाट, एवढंच.

आता फायबर. फायबरमधून करंट जात नाही. त्याला बोल्ट कितीही आवळा, अर्थ मिळणार नाही. म्हणून अशा गाडीत प्रत्येक दिव्याला, प्रत्येक हॉर्नला, प्रत्येक मोटरला परत येणारी स्वतंत्र वायर लागते. माझं सगळं आयुष्य पद्मिनीत गेलेलं. पत्र्याची सवय हाडात मुरलेली.

एका दिवाळीच्या आधी नाना म्हणाले, “अरे, हॉर्न फार चिरका झालाय, बदलून दे.” मी नवीन डबल हॉर्न आणले. जुन्याला मागे जाणारी एक काळी वायर होती, पण ती मध्येच कुठेतरी तुटलेली. ती शोधायची म्हणजे पुढचा बंपर उतरवायचा. अर्ध्या दिवसाचं काम. मला संध्याकाळी लग्नाला जायचं होतं. जवळच हेडलाइटच्या अर्थचा एक बोल्ट दिसला. तिथून एकच बारीक वायर मागे चॅसीला जात होती. मी हॉर्नचे दोन्ही अर्थ त्याच बोल्टवर चढवले, पाना फिरवला, हॉर्न दाबला. असा खणखणीत वाजला की वॉचमन धावत आला. नानांनी पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत. उलट मनात म्हटलं, आपला हात बसलाय.

पुढे चार पावसाळे गेले. आपलं नेरूळ खाडीच्या कुशीत. इथल्या खाऱ्या हवेत गॅलरीची ग्रिलं टिकत नाहीत, तिथे तांब्याच्या वायरीचं काय घेऊन बसलात! त्या बोल्टखाली हळूहळू हिरवट बुरशीसारखा थर चढत गेला. बाहेरून काही दिसत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीची जुलैमधली ती संध्याकाळ इथे बऱ्याच जणांना आठवत असेल. धो धो पाऊस. नाना गेटमधून आत वळत होते. हेडलाइट लावलेले, वायपर चालू. ए विंगचा आपला एक मुलगा सायकल घेऊन आडोशातून सुसाट निघाला. नानांनी ब्रेक मारला. गाडी थोडी घसरली आणि सायकलचं पुढचं चाक बंपरखाली गेलं. मुलगा बाजूला पडला. देवाची कृपा, कोपर खरचटण्यावर निभावलं. तो आज दहावीत आहे आणि मघाशी त्यानेच तबला वाजवला.

सगळे खाली जमले. त्याची आई रडत होती. ती म्हणाली, “नाना, निदान हॉर्न तरी वाजवायचात!” नाना म्हणाले, “दाबला होता.” तिथे उभ्या असलेल्या कोणीही हॉर्न ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी समितीने मला हॉर्न तपासायला सांगितलं. मी सकाळी दहा वाजता गेलो. लख्ख उजेड. इंजिन चालू केलं, हॉर्न दाबला, वाजला. किंचित मवाळ वाटला, पण वाजला. मग मीटर काढलं, बीपवर ठेवलं, एक टोक हॉर्नच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. बीप वाजली. मी समितीला सांगितलं, हॉर्न व्यवस्थित आहे. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे एक वाक्य बोललो. म्हणालो, “वय झालंय नानांचं, घाईत दाबायचा राहिला असेल.”

ते वाक्य लिफ्टपेक्षा लवकर सगळ्या मजल्यांवर पोहोचलं. कोणी नानांना तोंडावर काही बोललं नाही. आपली माणसं चांगली आहेत. पण मुलं खेळताना गाडी दिसली, की आया हाका मारायला लागल्या. आठ दिवसांनी नानांनी गाडीवर कव्हर घातलं आणि चावी मुलाकडे दिली. रविवारची जिलेबी बंद झाली. सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ‘स्टिल्टमधील विनावापर वाहन हटविणे’ असा विषय आला. कुठलं वाहन, हे लिहायची गरज नव्हती.

सभेच्या आधी गणपती आले. मांडव घालायला गाडी दुसऱ्या बाजूला न्यायची होती. नानांचा मुलगा ऑफिसला गेलेला, म्हणून चावी माझ्याकडे आली. संध्याकाळचे सात वाजलेले, स्टिल्टमध्ये अंधार, मी हेडलाइट लावले. पुढे मुली रांगोळी काढत बसल्या होत्या. त्या बाजूला व्हाव्यात म्हणून मी हॉर्न दाबला. नुसता ‘खर्र’ असा आवाज आला, घशात कफ अडकल्यासारखा. मला वाटलं, बॅटरी उतरली असेल. तेवढ्यात एक छोटी मुलगी ओरडली, “आजोबा, तुमची गाडी डोळे मिचकावते!”

मी म्हटलं, “काय गं?”

ती म्हणाली, “परत दाबा ना. दाबलं की दिवे बारीक होतात.”

परत दाबला. समोरच्या भिंतीवर माझ्याच डोळ्यांनी पाहिलं. हॉर्न दाबला की दोन्ही हेडलाइट मंद, सोडला की पुन्हा ठीक. लाइट बंद करून दाबला, तर हॉर्न वाजला. लाइट लावून दाबला, तर खर्र. माझ्या पोटात गोळा आला. कारण याचा अर्थ दुकानातल्या पोरालाही मी पहिल्या महिन्यात शिकवायचो. दोन गोष्टी एकमेकींचा करंट ओढत असतील, तर त्यांची परतीची वाट एकच आहे आणि ती तुंबली आहे. आणि ती वाट मीच एक केली होती.

रात्री आरती झाल्यावर मीटर घेऊन खाली गेलो. या वेळी बीपवर नाही, व्होल्टवर ठेवलं. ज्यांना या कामाची आवड आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो.

बीपची चाचणी करताना मीटर वायरमधून अगदी नाममात्र करंट सोडतो. गल्लीतून एक माणूस आडवा होऊन गेला, तरी मीटर म्हणणार, रस्ता मोकळा आहे. पण डबल हॉर्नला सात-आठ अँपिअर लागतात, दोन हेडलाइटना मिळून साधारण दहा. एवढी वरात त्या गल्लीतून जाईल का, हे बीप सांगत नाही. ते बघायचं तर वरात चालू असतानाच बघावं लागतं. म्हणजे हॉर्न दाबलेला, लाइट लावलेले, आणि मीटरचं एक टोक हॉर्नच्या अर्थच्या टोकाला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. परतीचा रस्ता चांगला असेल तर आकडा जवळपास शून्य यायला हवा. पाव व्होल्टच्या आत असेल तर मी पास करतो.

मला काय आलं? लाइट बंद ठेवून हॉर्न दाबला तर अडीच व्होल्ट. लाइट लावून दाबला तर साडेचार. हॉर्न चालू असताना आकडा नाचतो, कारण हॉर्नच्या आतला संपर्क सतत जुळत-तुटत असतो, त्यातूनच तर आवाज निघतो. पण साडेचारच्या आसपासच. बॅटरीकडे बारा व्होल्ट, त्यातले साडेचार त्या घाणेरड्या बोल्टवर आणि बारीक वायरीत जळत होते. हॉर्नला उरत होते जेमतेम साडेसात. तेवढ्यात तो घसा खाकरतो, गात नाही. आणि गंमत बघा, त्या सगळ्या वाटेचा अडथळा होता अर्ध्या ओहमपेक्षाही कमी. म्हणूनच त्या दिवशी बीप अगदी आनंदाने वाजली होती.

मग शेवटची खात्री. एक जाड वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं सरळ हॉर्नच्या अर्थला टेकवलं. लाइट चालूच. हॉर्न दाबला. रात्री अकरा वाजता पूर्ण बिल्डिंग जागी झाली. त्याबद्दलही आजच माफी मागून घेतो.

म्हणजे त्या जुलैच्या संध्याकाळी पाऊस होता, लाइट लागलेले होते, नानांनी हॉर्न दाबला होता आणि तो वाजला नव्हता. मी तपासायला गेलो सकाळी दहाला, उन्हात, लाइट बंद ठेवून. ज्या परिस्थितीत बिघाड झाला, ती परिस्थिती मी उभीच केली नाही. आणि उत्तर मात्र ठामपणे दिलं.

दुसऱ्या दिवशी नानांच्या दारात गेलो. बेल वाजवायला जेवढा वेळ लागला, तेवढा आयुष्यात कुठल्याच गाडीला लागला नसेल. आत बसलो, सगळं सांगितलं. बोल्ट, वायर, लग्नाची घाई, सगळं. मला वाटलं, रागावतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं, की मी दाबलाच नसेन. रात्री झोपेत हात तपासायचो.”

मंडळी, हे वाक्य मी विसरू शकत नाही. गाडीचा बिघाड मी एका दिवसात काढला. पण दोन महिने एका माणसाने स्वतःच्या हातावरचा विश्वास घालवला होता, तो माझ्या एका वाक्यामुळे.

दुरुस्ती अशी केली. या वेळी बंपर उतरवला. हेडलाइटचा अर्थ वेगळा, हॉर्नचा वेगळा. हॉर्नसाठी अडीच स्क्वेअर एमएमची नवीन वायर थेट चॅसीच्या लोखंडापर्यंत नेली. तिथला रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू काढला. टोकाला थिंबल नीट दाबून बसवलं, स्टार वॉशर घातला, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली म्हणजे खारी हवा आत जात नाही. बॅटरीपासून चॅसीला येणारी जाड पट्टीही उतरवून साफ केली, कारण सगळ्या वाटा शेवटी तिथूनच जातात. मग तीच चाचणी, लाइट लावून, हॉर्न दाबून. आकडा आला ०.१५. खर्च झाला तीनशे रुपयांच्या आत.

सर्वसाधारण सभेत तो विषय आला तेव्हा सेक्रेटरींनी सांगितलं, वाहन दुरुस्त झाले असून वापरात आहे, विषय मागे घेण्यात येत आहे. सगळ्यांनी मान डोलावली. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. उठून बोलायला हवं होतं. उठलो नाही. मनाशी म्हटलं, नानांना सांगितलंय ना, झालं. पण झालं नव्हतं. कारण मी ते वाक्य समितीसमोर बोललो होतो आणि ते सगळ्या मजल्यांवर पोहोचलं होतं. माफी मात्र एकाच दारात जाऊन मागितली.

म्हणून आज माइकवर सांगतो, आणि स्मरणिकेत छापलं जाणार आहे म्हणून मुद्दाम सांगतो. नानांनी हॉर्न दाबला होता. चूक नानांची नव्हती, त्यांच्या वयाची नव्हती, गाडी बनवणाऱ्यांचीही नव्हती. चूक माझी होती. आधी वायर चुकीच्या बोल्टवर लावली ती, आणि नंतर नीट न तपासता बोललो ती.

(टाळ्या)

टाळ्या नानांना वाजवा. ते तिकडे बसलेत, काकूंच्या शेजारी. आणि त्या रांगोळीवाल्या मुलीलाही वाजवा. चाळीस वर्षांचा अनुभव ज्या ठिकाणी कमी पडला, तिथे तिने नुसते डोळे उघडे ठेवले.

आता जाता जाता कामाचं. आपल्या स्टिल्टमध्ये जुन्या गाड्या बऱ्याच आहेत, स्कूटर आहेत. पावसाळ्याआधी प्रत्येकाने एक सोपी चाचणी करावी. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा, हेडलाइट लावा, हॉर्न एकदाच दाबा आणि भिंतीकडे बघा. उजेड किंचित हलला तर ठीक, डोळा मिचकावला तर अर्थ बघून घ्या. हॉर्न सकाळी वाजतो आणि रात्री नाही, असं कोणी म्हणालं तर त्याला वेड्यात काढू नका. दरवेळी हॉर्न बदलूही नका. दोष पुष्कळदा हॉर्नमध्ये नसतो, परतीच्या वाटेत असतो. कोणाकडे फारच जुनी इंग्लिश गाडी असेल तर आधी बॅटरीची जोडणी बघा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीसारख्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असायचं. तिथे आपल्या सवयीने निगेटिव्ह जोडायला गेलात, तर धूर बघायला मिळेल. आणि हॉर्न चांगला झाला म्हणून सोसायटीत वाजवत सुटू नका. अडचणीच्या क्षणी वाजावा, एवढ्यासाठीच तो असतो.

मी रविवारी सकाळी नऊ ते अकरा स्टिल्टमध्ये मीटर घेऊन बसतो. फी नाही. चहा चालेल. नवापर्यंत नानाही पाम बीचवरून आलेले असतात, त्यामुळे जिलेबीही मिळेल.

दहा मिनिटांची वीस झाली, ताई मघापासून घड्याळ दाखवतायत. सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, पुढच्या पंचवीस वर्षांसाठी सर्वांना शुभेच्छा.